डिसेंबरमधली अंडी : नागपुरातल्या एका प्राणिशास्त्र प्रयोगशाळेचं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातल्या एका पदव्युत्तर प्राणिशास्त्र विभागातलं आहे. संस्था, व्यक्ती आणि नियतकालिकं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत, काही सैल ठेवले आहेत. घटनाक्रम मात्र जसाच्या तसा आहे. मार्गदर्शक प्राध्यापिकेला इथे ‘मॅडम’ म्हटलं आहे आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलीला ‘विद्यार्थिनी’. मी तिच्या संशोधन सल्लागार समितीवर होतो, त्यामुळे बरंचसं डोळ्यांसमोर घडलं. उरलेलं दोघींनी सांगितलं आणि लिहायला परवानगीही दिली.

पार्श्वभूमी

नागपुरातल्या प्राणिशास्त्राला सूक्ष्मदर्शकाची जुनी सवय आहे. विज्ञान संस्थेत मोघे आणि त्यांच्यानंतर ए. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या भ्रूणविकासावर आणि अपरेवर (वारेवर) जे काम केलं, त्याचे दाखले आजही परदेशी लेखांत सापडतात. त्या पिढीचा शिरस्ता साधा होता. प्राणी स्वतः जाऊन आणायचा, पडक्या वाड्यातून असो की गुहेतून, आणि मग त्याचे छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे पातळ काप, घ्यायचे. छेद काचेवर येईपर्यंत त्या प्राण्याची पुरती ओळख झालेली असायची.

मॅडम याच परंपरेतल्या, पण दोन पिढ्या पुढच्या. त्यांचा विषय मागूर माशाचा मेंदू. मागूर वर्षातून एकदाच, पावसाळ्यात अंडी घालतो. फेब्रुवारीपासून बीजकोश (अंडाशय) भरू लागतात, मे-जूनमध्ये मासा तयार होतो, जुलै-ऑगस्टमध्ये अंडी सोडतो आणि डिसेंबर-जानेवारीत सगळं थंड असतं. या चक्राची किल्ली हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या काही मोजक्या चेतापेशींकडे असते. सस्तन प्राण्यांत अशा पेशींचा निरोप रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून मेंदूखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीपर्यंत जातो. मागूरसारख्या हाडांच्या माशांत चेतातंतू थेट ग्रंथीतच उतरतात. त्यामुळे कोणत्या ऋतूत किती तंतू उतरले हे छेदात रंगवून जवळजवळ मोजता येतं. मॅडमची दहा-बारा वर्षं या मोजणीत गेली होती आणि त्यांचं काम चांगलं मानलं जात होतं.

मासे यायचे शहरातल्या एका पुरवठादाराकडून. वर्षानुवर्षं तोच माणूस. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले जिवंत मासे सकाळी आठच्या आत विभागाच्या मागच्या दाराशी पोचवायचा. मागूर हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे प्रवासात सहसा मरत नाही.

विद्यार्थिनी भंडारा जिल्ह्यातली, वडील मत्स्य सहकारी संस्थेचे सभासद. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

प्रश्न कुठे उभा राहिला

दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात आठ माशांची तुकडी आली. चार दिवस टाकीत स्थिरावू दिल्यावर विद्यार्थिनीने काम सुरू केलं. विश्रांतीच्या काळात मादीचा बीजकोश म्हणजे दोन बारीक, फिकट पट्ट्या, वजन शरीराच्या एक टक्क्याच्या आसपास. पहिल्या तीन माद्या तशाच निघाल्या. चौथीचं पोट उघडलं तर ट्रेभर अंडी. टपोरी, तपकिरी-हिरवट, बोट लावलं की सुटी होणारी. दोन माशांनंतर आणखी एक तशीच.

तिने आधी वजनकाटा शून्यावर आणून पुन्हा वजन केलं. मग मॅडमना बोलावलं.

पहिला संशय प्रकाशावर गेला. मत्स्यगृहातले दिवे रात्रभर चालू राहिले असतील आणि दिवस मोठा झाल्याचा आभास होऊन बीजकोश भरले असतील. दुसरा संशय टाकीतल्या हीटरवर. नागपूरच्या थंडीत पाणी फार गार होतं म्हणून हीटर लावलेला होता. दोन्ही संशय एकाच मुद्द्यावर पडले. सगळे मासे एकाच टाकीत होते, तोच दिवा, तेच पाणी. मग बाकीच्या माद्या झोपलेल्या कशा? आणि चार दिवसांत कुठल्याच माशाचा बीजकोश रिकाम्याचा भरत नाही.

इथे पहिला निर्णय झाला. घाईत तो निर्णय आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. अशी एखादी नोंद ‘असामान्य’ म्हणून गाळून टाकायची प्रथा जवळपास सगळ्याच प्रयोगशाळांत असते. कारण विचारलं तर ‘मासा आजारी होता’ असं लिहितात. मॅडम म्हणाल्या, “गाळू नको. वेगळ्या पानावर लिही, आणि या दोघींचं डोकं फेकू नको.” दोन्ही मासे मेंदू काढल्यानंतर फॉर्मॅलिनच्या बरणीत गेले. पुढे जे काही सिद्ध करता आलं, त्याची सुरुवात या बरणीपासून आहे.

शंका तपासताना

त्याच महिन्यात एका बऱ्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडून पत्र आलं होतं. दोन हंगामांच्या मोजणीवर आधारित लेख, परीक्षकांनी किरकोळ दुरुस्त्या सुचवलेल्या. लेखाचा गाभा असा होता की अंडी घालण्याच्या आधीच्या काळात माद्यांचे सरळ दोन गट पडतात. एका गटात पीयूषिकेत तंतूंची दाटी, दुसऱ्यात विरळ, मधलं काही नाही. मॅडमनी याचा अर्थ लावला होता की एकाच पाण्यातल्या माद्या प्रजननाचे दोन वेगवेगळे मार्ग धरत असाव्यात. कल्पना आकर्षक होती. सल्लागार समितीसमोर विद्यार्थिनीने ती मांडली तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी तेवढं विचारलं होतं, “दोन गट वयाचे नाहीत ना?” वय तपासलं होतं, लांबी तपासली होती. जात तपासावी असं कोणालाच सुचलं नव्हतं.

आता बरणीतली दोन डोकी टेबलावर आली. बाकीच्या माशांशी ताडून पाहताना विद्यार्थिनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, घरी आणलेला मागूर असा नसतो. याचं डोकं रुंद आहे. मागचं हाड वेगळं आहे.”

कवटीच्या मागच्या बाजूला पाठीच्या पराकडे (पंखाकडे) जाणारा हाडाचा जो उंचवटा असतो, त्याचा आकार आणि पाठीच्या परापासूनचं त्याचं अंतर ही क्लॅरिअस या वंशातल्या (मागूर त्यातलाच) जाती ओळखायची ठरलेली खूण आहे. बरणीतले दोन्ही मासे मागूर नव्हतेच. ते आफ्रिकी मागूर होते, बाजारातला ‘थाई मागूर’, शास्त्रीय नाव क्लॅरिअस गॅरिएपिनस. हा मासा झपाट्याने वाढतो, कत्तलखान्यातल्या टाकाऊ मांसावरही पोसला जातो आणि तळ्यात सुटला तर स्थानिक मासे खाऊन टाकतो. म्हणून भारतात त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही तिच्या अंमलबजावणीवर बोट ठेवलं. तरी तो विकला जातो. उबदार पाण्यात, भरपूर खाद्यावर वाढवलेल्या या माशाच्या माद्या वर्षभर अंड्यांवर असू शकतात. डिसेंबरचं कोडं सुटलं.

पुरवठादाराला विचारलं तेव्हा तो गोंधळलाही नाही. “मॅडम, मागूर मागूरच असते. मोठी पायजे म्हणता, मोठी आणतो. तुम्हाले कुठं खायची आहे?” त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. मोठ्या माशाचा मेंदू काढायला सोपा जातो म्हणून मोठे मासे मागितले होते ते विभागानेच.

नावांचा घोळ आधीपासून होताच. भारतीय मागूर कित्येक दशकं क्लॅरिअस बॅट्राकस या नावाने लिहिला गेला. २००८मध्ये इंग आणि कोटेलाट यांनी ते नाव जावा बेटावरच्या माशाशी पक्कं केलं आणि आपला मासा क्लॅरिअस मागूर झाला. हॅमिल्टनने १८२२मध्ये गंगेच्या खोऱ्यातले मासे नोंदवताना वापरलेलं जातीचं नाव परत आलं. आपल्याकडच्या शरीरक्रियेच्या लेखांत त्यानंतरही अनेक वर्षं जुनंच नाव चालू राहिलं, कारण नाव मागच्या लेखातून उचललं जायचं आणि मासा बाजारातून.

आता दुसरा निर्णय. दोन मासे परके निघाले, मागच्या दोन वर्षांतल्यांचं काय? उणे ऐंशी अंशांत गोठवलेले बीजकोशाचे तुकडे होते, त्यांचा डीएनए तपासता येणार होता. बुवँच्या द्रावणात मुरवून मेणात बसवलेले ठोकळेही होते, पण त्या द्रावणातलं पिक्रिक आम्ल छेदाला जितकं मानवतं तितकंच डीएनएला मारक. म्हणजे लेखाचा अर्धा पुरावा तपासता येणार, अर्धा कधीच नाही.

विभागात दोन मतं पडली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की आधी लेख छापून येऊ द्या, तपास नंतर सावकाश करा, तपासाचा वेगळा लेख होईल. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना मॅडमची काळजी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहयोगी प्राध्यापकाला प्राध्यापकपदाची बढती हवी असेल तर इतर अटींसोबत किमान दहा शोधनिबंध लागतात आणि त्यांतले तीन मूल्यांकनाच्या कालावधीतले लागतात. मॅडमचे त्या कालावधीत दोन झाले होते. तिसरा हाच. विद्यार्थिनीचंही तेच. तिला २०१६चे नियम लागू होते, प्रबंध सादर करण्याआधी एक लेख छापलेला असणं सक्तीचं. तो लेखही हाच.

मॅडमनी तुकडे तपासायला पाठवले. नियतकालिकाकडून दुरुस्तीसाठी मुदतवाढ मागितली, कारण कळवलं नाही.

तपासातून काय निघालं

प्रथम ठरल्याप्रमाणे सूत्रकणिकेतल्या (पेशीतल्या मायटोकाँड्रियातल्या) सीओआय जनुकाचा साडेसहाशे अक्षरांच्या आसपासचा तुकडा वाचून घेतला. प्राण्यांची जात ओळखायला जगभर हाच वापरतात. गोठवलेल्या नमुन्यांपैकी जवळपास एक पंचमांश आफ्रिकी निघाले. वाईट, पण आवरण्यासारखं. तेवढे वगळून मोजणी पुन्हा मांडली तर दोन गट फिके पडले, पण गेले नाहीत. विद्यार्थिनीला हायसं वाटलं.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातली सर्वांत धोक्याची जागा ही होती, कारण इथे थांबायला पूर्ण सबब होती. प्रमाणित चाचणी केली, परके नमुने काढले, निष्कर्ष टिकला. कुठल्याही परीक्षकाने हे मान्य केलं असतं.

मॅडम थांबल्या नाहीत, कारण शहरातल्याच मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या एका तरुण शिक्षकाने चहा पिता पिता विचारलं, “संकर पाहिलेत का, मॅडम?” सूत्रकणिका फक्त आईकडून येतात. आई देशी आणि बाप आफ्रिकी असेल तर सीओआय सांगणार देशीच. जलद वाढीसाठी असा संकर काही ठिकाणी करतात, हे मत्स्यसंवर्धनातल्या माणसाला रोजचं माहीत. मेंदूचे छेद घेणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. म्हणून आईबाप दोघांकडून येणाऱ्या, पेशीच्या केंद्रकातल्या एका जनुकाची चाचणी करून घेतली. संकरित माशात त्याच्या काही जागांवर दोन्ही पालकांची अक्षरं एकत्र दिसतात. ‘देशी’ म्हणून पास झालेल्या नमुन्यांतले आणखी काही गळाले. एकंदर गोठवलेल्या साठ्यातला एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग शुद्ध मागूर नव्हता.

ते सगळे काढल्यावर दोन गट राहिले नाहीत. लेखाचा गाभा म्हणजे दोन जातींची आणि त्यांच्या संकराची मिसळ होती.

समोरचे पर्याय

तातडीची सल्लागार बैठक झाली आणि लांबली. लेख मागे घ्यायचा यावर आता दुमत नव्हतं. दुमत होतं ते पुढच्या वाटेवर.

मासा बदलून शिंगी या दुसऱ्या माशावर काम करावं, हा पहिला प्रस्ताव. शिंगीचं चक्र मागूरसारखंच, त्यावर भारतात भरपूर काम झालेलं आणि दिसायला इतकी वेगळी की फसवणूक व्हायची नाही. पण मॅडमची दशकभराची तुलना मागूरवर उभी होती आणि विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं शीर्षकच बदलावं लागलं असतं. पुन्हा नोंदणीची कागदपत्रं, पुन्हा बैठका.

दुसरा प्रस्ताव असा की विषयच उलटा करावा. बाजारातल्या ‘मागूर’मध्ये देशी किती आणि परका किती, हाच प्रबंध. मला हा पसंत होता, अजूनही वाटतं की तो चांगला प्रबंध झाला असता. विद्यार्थिनीने नकार दिला. तिला मेंदूचं काम शिकायचं होतं, आणि शिष्यवृत्तीची पाच वर्षं तिची होती, माझी नव्हे.

तिसरा प्रस्ताव होता खात्रीचे मागूर आणून एक पूर्ण चक्र नव्याने करायचं. कुठून आणायचे? पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांत, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांत, अजून मागूर सापडतो. विद्यार्थिनीचे वडील आणि त्यांच्या संस्थेतले एक वयस्क ढीवर (मासेमार) मुद्दाम येऊन बरणीतले मासे पाहून गेले होते. डोकं उचलून बघता बघता म्हातारबुवा म्हणाले, “हे आपली नोहे जी, मॅडम.” प्रयोगशाळेने दोन चाचण्यांचा खर्च करून मिळवलेलं उत्तर त्यांनी उभ्या उभ्या दिलं. मात्र संकरित मासा त्यांनाही ओळखता आला नाही, हेही सांगायला हवं. त्यांना बाजूला ठेवून नुसतं यंत्रावर विसंबणं जसं चुकीचं, तसं नुसतं त्यांच्यावर विसंबणंही पुरेसं नव्हतं.

तलावातले मासे घ्यायला संस्थेची हरकत नव्हती. हरकत प्राणी नैतिकता समितीत निघाली, आणि रास्त होती. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत मागूर ‘संकटग्रस्त’ आहे. तलावांत कटला-रोहूचं बीज सोडलं गेलं, बेशरमची झुडपं माजली, तशी ही स्थानिक जात आटत गेली. आधीच्या चुकलेल्या नमुन्यांच्या भरपाईसाठी तलावातले उरलेसुरले मासे मारायचे, हे कुठल्या तोंडाने?

चौथा मार्ग त्यातूनच निघाला. ज्यांचे आईबाप माहीत आहेत असे बीजकेंद्रात जन्मलेले मासे घ्यायचे. मागूरच्या कृत्रिम प्रजननाचं तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने बसवलेलं आहे. त्यातही नराचं वृषण काढावं लागतं, कारण रोहू-कटल्यासारखं पोट दाबून या नराचं बीज मिळत नाही. पण एका नरावर शेकडो पिल्लं तयार होतात. तोटा एवढाच की मासे हाती लागून, वाढून, चक्रात बसेपर्यंत एक वर्ष सरळ जातं.

काय केलं

लेख मागे घेण्याचं पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं आणि कारण स्पष्ट दिलं: नमुन्यांची जात चुकीची. ‘तांत्रिक अडचणींमुळे’ असा मोघम शब्द सुचवणारे दोघे-तिघे होते, त्यांत मीही. मॅडमनी तो घेतला नाही. संपादकाचं उत्तर दोन ओळींचं आलं, आभार आणि लेख बंद केल्याची नोंद.

बीजकेंद्रातून पिल्लं आणली. पालक माशांच्या पराचे तुकडे आधी मागवून दोन्ही चाचण्या करून घेतल्या. विभागाच्या मागच्या मोकळ्या जागेत सिमेंटच्या टाक्या बांधून वर हिरवी जाळी टाकली. मासे मत्स्यगृहात न ठेवता बाहेर ठेवण्याचा आग्रह विद्यार्थिनीचा. ऊन, पाऊस, थंडी नागपूरची खरीखुरी मिळाली तरच चक्राला अर्थ, असं तिचं म्हणणं. मे महिन्यात टाक्यांवर पाणी मारायची पाळी लावली होती आणि प्रयोगशाळेतला चांगला कूलर माशांकडे गेला. माणसांनी घाम पुसत छेद घेतले.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात टाकी काठोकाठ भरली आणि मागूरने जे करायचं तेच केलं. रात्रीतून काही मासे जाळीखालून निसटले. सकाळी चौकीदाराला सायकल स्टँडजवळच्या चिखलात सरपटताना सापडले. जुन्या पद्धतीत एवढ्यानेच तुकडी बाद झाली असती. या वेळी प्रत्येकाच्या पाठीच्या पराला रंगीत मण्यांची खूण होती, आलेल्या दिवशी काढलेला डोक्याचा वरून आणि बाजूने फोटो होता आणि पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये जपलेला होता. कोणता मासा कोण, हे अर्ध्या तासात लागलं.

माशांची संख्या नैतिकता समितीने मूळच्या जवळपास निम्मी केली. मिसळ नसल्यामुळे मापांतला विस्कळीतपणा इतका कमी झाला की निम्म्यातही काम भागलं.

आधी छापलेल्या लेखांचं काय

ही बाजू सर्वांत अवघड, आणि माझ्या मते सर्वांत कमी समाधानकारक.

मॅडमचे याच पुरवठादाराच्या माशांवरचे आधीचे लेख होते. त्यांचे गोठवलेले नमुने नव्हते. फॉर्मॅलिनमध्ये एकही पूर्ण मासा ठेवलेला नव्हता. मेंदू काढला की बाकीचं फेकायचं हीच रीत. उरले होते मेणाचे ठोकळे आणि वजन-लांबीच्या वह्या. जुन्या वह्यांत मासे लहान दिसतात, म्हणजे परक्यांचा शिरकाव नंतरचा असावा असं म्हणता येतं. पण तो अंदाज झाला.

मॅडमनी सुरुवातीला ठरवलं की नव्या लेखातच एक परिच्छेद घालायचा: ‘आमच्या आधीच्या नमुन्यांची जात स्वतंत्रपणे तपासलेली नाही.’ तो घातला. पण जुना लेख वाचणारा नवा लेख वाचेलच असं नाही. यावर आमचं बोलणं झालं, थोडं वाजलंही. त्यांचं म्हणणं, चूक सिद्ध झालेली नसताना दुरुस्ती कशाची छापायची? माझं म्हणणं, संपादकाला कळवावं आणि काय छापायचं ते त्याने ठरवावं. वर्षभराने त्यांनी ते जुने लेख छापणाऱ्या दोन्ही नियतकालिकांना पत्रं लिहिली.

निष्पत्ती

विद्यार्थिनीचा प्रबंध दीड वर्ष उशिरा सादर झाला. शेवटचे काही महिने शिष्यवृत्ती संपली होती, त्या काळात तिने एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. तिच्या लेखात दोन गट नाहीत. ऋतूनुसार तंतूंची दाटी वाढते-उतरते एवढंच आहे, पण आलेख इतका स्वच्छ आहे की तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी कच्ची आकडेवारी मागून पाहिली. बाजारातल्या मिसळीवर एक छोटा लेख वेगळा निघाला. त्यात मत्स्यविज्ञानच्या त्या शिक्षकाचं नाव आहे.

मॅडमची बढती एक फेरी हुकली. तिसरा लेख नव्हता, विषय संपला. अर्जाच्या तक्त्यात छापलेल्या लेखांना रकाना आहे, मागे घेतलेल्याला नाही. असायला हवा असंही मी म्हणणार नाही, लोक तोही भरून दाखवतील. पुढच्या फेरीत त्या प्राध्यापक झाल्या.

पुरवठादार अजून त्याच विभागाला बेडूक सोडून बाकी सगळं पुरवतो. मागूर त्याच्याकडून घेत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

प्रत्येक तुकडीतला एक पूर्ण मासा नोंदीसह जपून ठेवणं, हे पहिल्याच वर्षी करता आलं असतं. खर्च एका बरणीचा. वर्गीकरण शिकवणारे दोन शिक्षक त्याच मजल्यावर बसतात, त्यांना दहा वर्षांत एकदाही मत्स्यगृहात बोलावलं गेलं नव्हतं. आणि संपादकाकडे मुदतवाढ मागतानाच खरं कारण कळवता आलं असतं. मॅडमना स्वतःलाही आता तसंच वाटतं.

पण मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तंत्राची नाही. सगळं उरकल्यावर मी विद्यार्थिनीला विचारलं, तुला पहिल्यांदा कधी शंका आली? ती म्हणाली, पहिल्याच वर्षी. आईच्या हाताखाली मासे साफ करत वाढलेल्या मुलीला पहिल्या तुकडीतलीच दोन-तीन डोकी वेगळी वाटली होती. “मग बोलली का नाहीस?” “सर, मॅडमनी आणलेले मासे. लेखांत तेच नाव. मला वाटलं शहरात असेच मिळत असतील.” घरचं ज्ञान आणि विभागातलं ज्ञान तिने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलं होतं, आणि दुसऱ्या कप्प्यात पहिलं काढायची सोय आम्ही ठेवली नव्हती. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी प्रयोगशाळेत एक बदल केला. नवी तुकडी आली की छेदाला हात लावण्याआधी सगळ्यांनी, परिचरापासून सगळ्यांनी, मासे पाहायचे आणि काय वेगळं दिसतं ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहायचं. काही जण याला पोरखेळ म्हणतात. मागच्या वर्षी अशाच एका चिठ्ठीमुळे शिंगीच्या तुकडीतला बुरशीचा संसर्ग वेळेत सापडला.

जुन्या लेखांच्या पत्रांपैकी एकाला उत्तर आलं आणि त्या लेखाखाली आता जातीच्या ओळखीबद्दलची टीप जोडलेली आहे. दुसऱ्या संपादकाने उलट विचारलं, नेमके कोणते नमुने शंकास्पद आहेत? मॅडमकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तसंच त्यांनी कळवलं. तो पत्रव्यवहार अजून उघडा आहे.